किशोरवयीन रुग्ण आणि आपले उत्तरदायित्व

आयुर्वेदाच्या आठ अंगांत कौमारभृत्याला स्वतंत्र स्थान आहे, याचा आपणां सर्वांना सार्थ अभिमान आहे. काश्यपसंहितेसारखा बालकांना वाहिलेला ग्रंथ आपल्या परंपरेत आहे, हे आपण व्यासपीठावरून आवर्जून सांगतो. पुष्य नक्षत्राच्या दिवशी सुवर्णप्राशनासाठी कडेवर मूल घेऊन आलेल्या मातांची आपल्या चिकित्सालयांपुढे रांग लागते. परंतु हेच मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की आपल्या दृष्टीआड होते. पुढे ते भेटते ते एकदम पंचविशीत, विवाह ठरल्यावर. किंवा पस्तिशीत, आम्लपित्ताची तक्रार घेऊन. मधल्या दहा वर्षांत ते आपल्याकडे येतच नाही, असा आपला समज आहे.

आमच्या मते हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. ते मूल येते. मात्र चिकित्सालयात येत नाही, औषधालयाच्या काउंटरवर येते. तेथे दोन मिनिटे घुटमळते, दुसरे गिऱ्हाईक गेल्याची खात्री करून घेते, हलक्या आवाजात काहीतरी मागते, पैसे देते आणि निघून जाते. त्याची नाडी कोणी पाहत नाही, जिव्हा पाहत नाही, वयही विचारत नाही. आपल्या संघटनेचे सभासद वैद्य आहेत तसेच औषधालयांचे चालकही आहेत. म्हणून या काउंटरवरील दोन मिनिटांविषयी येथे काही स्पष्ट विचार मांडण्याचा आमचा मानस आहे.

शास्त्राची भूमिका

किशोरावस्था ही आधुनिक कल्पना आहे, आपल्या ग्रंथांत ती नाही, असे काही वेळा म्हटले जाते. जागतिक आरोग्य संघटना दहा ते एकोणीस या वयाला किशोरावस्था म्हणते, आणि या नेमक्या सीमा आपल्या ग्रंथांत नाहीत हे खरे. परंतु आशय निश्चित आहे. सुश्रुताचार्यांनी सोळा वर्षांपर्यंत बाल्य मानले आणि त्यापुढील विसाव्या वर्षापर्यंतच्या काळाला ‘वृद्धि’ म्हणजे वाढीचा काळ असे वेगळे नाव दिले. चरकाचार्यांनी विमानस्थानात सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व असल्याचे सांगितले आणि पुढे तिसाव्या वर्षापर्यंत धातू वाढत असतात, पण सत्त्व मात्र बहुधा अस्थिर असते, असे नमूद केले. मेंदूतील विवेक आणि संयमाशी संबंधित भागांचा विकास विशीच्या मध्यापर्यंत चालू राहतो, असे आजचे मज्जाविज्ञान सांगते. मनाची स्थिरता शरीराच्या वाढीच्या मागून येते, हे आपल्या आचार्यांनी केवळ निरीक्षणाने ओळखले होते.

या प्रतिपादनाचा व्यावहारिक अर्थ असा की, सोळा-सतरा वर्षांचा रुग्ण म्हणजे लहान मात्रेचा प्रौढ नव्हे. त्याचे धातू वाढत आहेत, म्हणून त्याला पोषणाची गरज प्रौढापेक्षा अधिक आहे. त्याचे सत्त्व अस्थिर आहे, म्हणून आपण उच्चारलेला प्रत्येक शब्द त्याच्या मनावर प्रौढापेक्षा खोल उमटतो. ही दोन सूत्रे ध्यानात ठेवली तर पुढील सर्व विवेचन ओघाने येते.

मुलगे आणि धातूचे भय

काउंटरवर येणाऱ्या मुलग्यांच्या मागण्या ठराविक असतात. अशक्तपणावर काहीतरी द्या, वजन वाढण्याचे चूर्ण द्या, ताकदीच्या गोळ्या द्या. थोडे आपुलकीने विचारले की खरी तक्रार बाहेर येते : झोपेत वीर्यस्राव होतो, लघवीतून धातू जाते, हस्तमैथुनाची सवय लागली आहे, आता लग्न झाल्यावर काय होणार? हे भय भारतीय वैद्यकाला नवीन नाही. १९६० साली डॉ. एन. एन. विग यांनी या लक्षणसमुच्चयाला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले, आणि मनोविकारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ते आजही शिकविले जाते. खेदाची बाब ही की, या नावातला ‘धात’ हा शब्द आपल्या शास्त्रातून गेलेला आहे आणि या भयाचे मूळ आयुर्वेदात आहे असे अनेकजण मानतात.

ते खरे आहे काय? रक्ताच्या चाळीस थेंबांपासून वीर्याचा एक थेंब तयार होतो, हे गणित गावोगाव सांगितले जाते. पण चरक-सुश्रुतांत ते नाही. शुक्रक्षयाचे वर्णन अर्थातच आहे. पण चरकाचार्यांनी सूत्रस्थानात दिलेली त्याची लक्षणे पुन्हा वाचावीत. दौर्बल्य, मुखशोष, पांडुता, अंग गळून जाणे, श्रम आणि क्लैब्य यांच्याबरोबर तेथे शुक्राचा विसर्ग न होणे हेही लक्षण दिलेले आहे. म्हणजे ज्या मुलाला महिन्यातून काही वेळा निद्रेत स्राव होतो आणि जो अन्यथा निरोगी आहे, त्याला क्षीणशुक्र म्हणणे ग्रंथाच्याही विरुद्ध जाते. सुश्रुताचार्यांनी तर बालकातील शुक्राला कळीत दडलेल्या सुगंधाची उपमा दिली आहे. कळी उमलली की गंध प्रकट होतो. निद्रेतील स्राव ही त्या उमलण्याची खूण आहे. त्याला ‘स्वप्नदोष’ म्हणणे आपण थांबवावे असे आम्हांला वाटते. ज्या शास्त्रात ‘दोष’ या शब्दाला नेमका पारिभाषिक अर्थ आहे, त्या शास्त्राच्या अभ्यासकांनी एका स्वाभाविक शरीरक्रियेला दोष म्हणून मुलाला रोगी ठरवू नये.

येथे काही ज्येष्ठ वैद्य ब्रह्मचर्याचा मुद्दा उपस्थित करतील. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे तीन उपस्तंभ आम्हांलाही शिरोधार्य आहेत. नियमित दिनचर्या, व्यायाम, वेळेवर झोप, मोबाईलचा मर्यादित वापर आणि मनाला चांगले विषय देणे, हा उपदेश अवश्य करावा. परंतु ब्रह्मचर्य हा संयमाचा मार्ग आहे, भयाचा नव्हे. अग्र्यसंग्रहात चरकाचार्यांनी रोग वाढविणाऱ्या कारणांत विषादाला अग्रस्थान दिले आहे. आपण नष्ट होत चाललो आहोत अशा भयाने रात्र-रात्र जागणारा मुलगा अशक्त होतो तो स्रावामुळे नव्हे, तर जागरणामुळे, अन्नावरची वासना उडाल्यामुळे आणि विषादामुळे होतो. त्याला ताकदीची डबी दिली की ‘मी रोगी आहे’ या त्याच्या समजावर वैद्यकाची मोहोर उठते. डबी संपते, भय तसेच राहते, आणि तो दुसरी, अधिक महाग डबी शोधू लागतो.

वाजीकरणाच्या प्रकरणातच चरकाचार्यांनी सोळा वर्षांखालील मुलाला स्त्रीसंग वर्ज्य सांगितला आहे, कारण त्याचे सर्व धातू अपूर्ण असतात. ज्याला संगच निषिद्ध, त्याला वाजीकरण द्रव्ये कोणत्या आधारावर द्यावयाची, याचे उत्तर देणाऱ्याने आधी स्वतःला द्यावे.

मुरूडच्या सुपुत्राची आठवण

या विषयावर मोकळेपणाने बोलण्याचे धैर्य महाराष्ट्रात प्रथम ज्यांनी दाखविले त्यांपैकी एक अग्रणी आपल्याच जिल्ह्यातले होते, याचे विस्मरण होऊ नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२ साली दापोली तालुक्यातील मुरूड येथे झाला. गणिताचे प्राध्यापक असलेल्या या गृहस्थांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. १९५३ साली त्यांचे निधन होईपर्यंत ते हे मासिक चालवीत होते. वाचक आपल्या खाजगी शंका पत्राने विचारीत आणि कर्वे त्यांना सरळ, शास्त्रीय उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले. खटला ते हरले.

कर्व्यांची सर्व मते आपणांस मान्य असतीलच असे नाही, आम्हांलाही नाहीत. पण एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या शंका त्या काळी वाचक पत्रातून विचारीत होते, त्याच शंका घेऊन आजचा मुलगा आपल्या काउंटरवर येतो. मधल्या नव्वद वर्षांत त्याला उत्तर देणारा कोण निर्माण झाला? शाळा म्हणावी, तर २००७ साली विधिमंडळात झालेल्या विरोधानंतर राज्यातील शाळांत या विषयाच्या कार्यक्रमाला रोख लागला. घर म्हणावे, तर आपल्या जिल्ह्यात घरोघरचा कर्ता पुरुष मुंबईला चाकरीत आणि मुलगा गावी आजी-आजोबांजवळ अशी स्थिती. गणपतीला आणि शिमग्याला येणाऱ्या वडिलांपाशी हा विषय कोण काढणार? उरतो तो हातातला मोबाईल. आणि मोबाईलवर चुकीच्या माहितीबरोबरच ‘गुप्त पार्सलने’ औषध पाठविणाऱ्यांच्या जाहिराती येतात. अशा वेळी गावच्या ओळखीच्या वैद्याने किंवा औषधालयाच्या चालकाने शांतपणे सांगितलेली चार वाक्ये त्या मुलाला फार मोठा आधार देऊ शकतात.

ताकदीच्या डबीतील धोका

भयाची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवून शुद्ध चिकित्सेच्या दृष्टीने पाहू. वजन न वाढणारा, थकणारा, तहान-तहान करणारा, वारंवार लघवीला जाणारा चौदा वर्षांचा मुलगा हा प्रथम प्रकारच्या मधुमेहाचा रुग्ण असू शकतो. रक्तशर्करेची साधी तपासणी निदान करते आणि इन्सुलिन त्याचा जीव वाचविते. अशा मुलाला काउंटरवरून वजनवाढीचे चूर्ण मिळाले तर उशिराची किंमत प्राणाने चुकवावी लागू शकते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा बारीक ज्वर आणि कृशता असेल तर क्षयाची तपासणी शासकीय रुग्णालयात विनामूल्य होते. ‘लघवीतून पांढरे जाते’ या तक्रारीत बहुधा फॉस्फेटचे कण असतात. मूत्रपरीक्षेने ते कळते, आणि अहवालाचा तो कागद दाखविला की मुलाचे निम्मे भय तेथेच ओसरते.

दुसरी बाब द्रव्यांची. ताकदीच्या अनेक योगांत पारदाचे कल्प, कुचला, भांग किंवा अहिफेन असते. ही सर्व द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या ‘ई-१’ परिशिष्टात समाविष्ट आहेत आणि अशा औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते. ती सूचना आपल्या फळीवरील प्रत्येक डबीवर आहे. ती आपण विक्री करताना वाचतो काय? बिननावाच्या पुड्यांविषयी तर बोलावयासच नको. वजन वाढविणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार देशात वेळोवेळी उघडकीस आले आहेत. वाढीच्या वयात स्टेरॉइड उंची खुंटविते, हाडे ठिसूळ करते आणि चेहऱ्यावर आलेल्या सुजेला घरची मंडळी ‘बाळसे’ समजतात.

तिसरी बाब जाहिरातीची. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने कामशक्ती वाढविण्याच्या तसेच स्त्रियांचे मासिक पाळीचे विकार दूर करण्याच्या औषधांच्या जाहिरातीस बंदी घातली आहे. दुकानात लावलेले भित्तिपत्रक हीही जाहिरातच होय. कंपनीचा प्रतिनिधी फुकट देतो म्हणून लावलेले ते पत्रक शाळेतून परतणारा मुलगा रोज वाचत असतो.

मुलींचे प्रश्न

मुली काउंटरवर क्वचित एकट्या येतात. येते ती आई किंवा मैत्रीण. मागणी बहुधा एकच : ‘पाळी येण्याचे काहीतरी द्या.’ आणि रजःप्रवर्तनी वटी किंवा कुमारी आसव कागदात गुंडाळून दिले जाते.

येथे दोन गोष्टी विसरून चालणार नाहीत. पहिली अशी की, रजोदर्शनानंतरची पहिली दोन-तीन वर्षे पाळी अनियमित असणे हे बहुतांशी स्वाभाविक असते. सुश्रुताचार्यांनी बाराव्या वर्षी रजःप्रवृत्ती सांगितली, पण त्याच संहितेत सोळा वर्षांखालील स्त्रीच्या ठायी गर्भधारणा हितकर नाही असेही सांगितले. म्हणजे रजोदर्शन झाले तरी शरीराला परिपक्व होण्यास अवधी लागतो, हे त्यांनाही अभिप्रेत होते. आज एका सोनोग्राफीवरून चौदा वर्षांच्या मुलीला ‘पीसीओडी’ची रुग्ण ठरवून महिनोन् महिने औषध देण्याची जी पद्धत पडली आहे, ती आधुनिक वैद्यकाच्याही मार्गदर्शनाविरुद्ध आहे. २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी किशोरवयात या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये असे स्पष्ट सांगितले आहे. पंधराव्या वर्षापर्यंत रजोदर्शन न झाल्यास, किंवा स्राव अतिशय होत असल्यास, मात्र तपासणी टाळू नये.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. थांबलेल्या पाळीचे कारण गर्भ असू शकतो, हे वय पाहून नाकारता येत नाही. उष्ण-तीक्ष्ण रजःप्रवर्तक द्रव्ये अशा मुलीला दिली आणि रक्तस्राव अनावर झाला, किंवा गर्भ गर्भाशयाबाहेर असला, तर तिच्या प्राणाशी गाठ पडेल. गर्भपाताचा अधिकार कायद्याने आपणांस, म्हणजे बी.ए.एम.एस. पदवीधरांस नाही, हे सर्वांना ठाऊक आहे; मग पाळी आणण्याच्या नावाखाली तोच प्रयत्न काउंटरवरून होऊ नये. गर्भनिदानाची पट्टी अल्प किमतीत मिळते. ती न करता रजःप्रवर्तक देऊ नये, आणि अठरा वर्षांखालील मुलीला तर वैद्याने पाहिल्याशिवाय मुळीच देऊ नये, हा आमचा आग्रह आहे.

मुलगी अठरा वर्षांखालील असेल आणि गर्भधारणा आढळली, तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळविणे त्याच्या १९ व्या कलमाने बंधनकारक आहे. न कळविल्यास शिक्षा आहे. या भीतीने अनेकजण अशा मुलीला दारातूनच परत पाठवितात. तसे करू नये. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ च्या निकालात असे स्पष्ट केले आहे की, अल्पवयीन मुलीने व पालकांनी विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांनी कळविताना तिचे नाव व ओळख उघड करण्याची आवश्यकता नाही. आपले काम तिला धीर देऊन, सोबत देऊन, जिल्ह्याच्या शासकीय स्त्री रुग्णालयापर्यंत पोहोचविण्याचे आहे. परत पाठविलेली मुलगी कोणाकडे जाते, याची कल्पना आपणां सर्वांना आहे.

पांडुरोगाविषयी थोडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के आणि त्याच वयाच्या मुलग्यांपैकी ३१.१ टक्के पांडुरोगी आढळले. म्हणजे दहातील सहा मुली आणि तीन मुलगे. पहाटेची एस.टी. पकडण्यासाठी चहा-बटरवर घर सोडणाऱ्या आणि सायंकाळी परतणाऱ्या मुलींचे तोंड पाहून हा आकडा अतिशयोक्त वाटत नाही. खडू, पाटीची पेन्सिल किंवा माती खाण्याची सवय विचारून पाहावी. मृद्भक्षणजन्य पांडु आपल्या ग्रंथांत आहेच. बारा ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे पांडुता, आठच्या खाली गेल्यास रुग्णालय. शासनाच्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात शाळेत आठवड्यातून एकदा लोह आणि फोलिक अॅसिडची निळी गोळी दिली जाते व वर्षातून दोनदा जंतनाशक. ‘अॅलोपॅथीची उष्ण गोळी घेऊ नकोस’ असे आपल्यापैकी कोणी सांगत असल्यास ते तत्काळ थांबवावे. धात्रीलोह, पुनर्नवा मंडूर यांचे महत्त्व त्या गोळीने कमी होत नाही. मात्र दोन्हीकडून लोह एकाच वेळी किती जाते, याचा हिशेब वैद्याने ठेवावा. जेवणाबरोबर चहा नको, जेवणात आवळा किंवा लिंबू हवे, न्याहारीला नाचणीची भाकरी आणि रात्री कुळथाची पिठी हवी, हे सांगण्यास औषध लागत नाही.

मनाचा आजार

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातले. राज्यांत हा आकडा सर्वाधिक होता. ही मुले कोणाकडेच गेली नसतील असे नाही. डोके दुखते, पोट दुखते, झोप लागत नाही, अभ्यास लक्षात राहत नाही, अशा तक्रारींनी ती कोठेतरी गेली असतील आणि स्मरणशक्तीचे सिरप घेऊन परतली असतील.

राज्यातील मोजक्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्या रत्नागिरी शहरात आहे. सोय दाराशी असूनही तिच्या नावाची धास्ती एवढी की, मुलाला तेथे दाखविले हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून पालक जवळचा उपचार सोडून दूरच्या शहरात जातात किंवा जातच नाहीत. ही धास्ती कमी करण्याचे काम वैद्याच्या एका वाक्याने होऊ शकते, कारण त्या कुटुंबाचा विश्वास पिढ्यान् पिढ्या आपल्यावर आहे. सत्त्वावजय ही चरकाचार्यांनी सांगितलेली चिकित्सा आहे. ऐकणे, धीर देणे, मनाला अहितकर विषयांपासून वळविणे हे आपले काम आहे. पण मुलगा किंवा मुलगी जगण्याचा कंटाळा बोलून दाखवीत असेल, स्वतःला इजा करून घेत असेल, आवाज ऐकू येतात असे सांगत असेल, तर ब्राह्मी घृत देऊन पुढील महिन्याची तारीख देण्याचा तो प्रसंग नव्हे. त्याच दिवशी पालकांना बोलवावे आणि मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते. जीव देऊ का, असा विचार मनात येतो काय, हे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले, याचाच मुलाला आधार वाटतो.

सूचना

आयुर्वेदिक औषधांच्या किरकोळ विक्रीस परवाना लागत नाही. त्यामुळे काउंटरवर काय द्यावे आणि काय नाकारावे, याची बंधने आपली आपणच घालून घेणे क्रमप्राप्त आहे. संघटनेच्या सभासदांपुढे आम्ही चार सूचना ठेवीत आहोत.

पहिली : अठरा वर्षांखालील मुलामुलींना वाजीकरण, वजनवाढ, उंचीवाढ आणि रजःप्रवर्तन या चार प्रकारची औषधे वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नयेत. वयाची शंका आल्यास विचारावे. विचारण्यात कोणाचा अपमान नाही.

दुसरी : नकार देऊन मुलाला रस्ता दाखवू नये. ‘औषधाची घाई नको, अमुक वेळी वैद्य असतात, तपासणीचे पैसे पडणार नाहीत’ एवढे चालकाने सांगावे. प्रत्येक वैद्याने आठवड्यातून एक तास, शाळा-महाविद्यालये सुटल्यावर, या वयाच्या रुग्णांसाठी विनाशुल्क राखून ठेवावा. मुलींची शारीरिक तपासणी स्त्री-वैद्यांनी किंवा स्त्री-सहायकाच्या उपस्थितीतच व्हावी.

तिसरी : त्या तासात रुग्णाशी दोन टप्प्यांत बोलावे, आधी पालकांसह, मग एकट्याशी. सांगितलेली गोष्ट गुप्त राहील याची हमी द्यावी, आणि जिवाला धोका असल्यास किंवा कायद्याने कळविणे भाग असल्यास ती गुप्त ठेवता येणार नाही, हेही आधीच सांगावे.

चौथी : राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला आणि आपल्या राज्यात किशोरवयीनांसाठीची शासकीय चिकित्सालये ‘मैत्री’ या नावाने ओळखली जातात. मंडणगडपासून राजापूरपर्यंत प्रत्येक तालुक्यातील सभासदांनी आपल्या जवळचे असे केंद्र, तेथील वार आणि वेळ यांची माहिती करून घेऊन ती दुकानात दिसेल अशी लावावी. भित्तिपत्रक लावावयाचेच तर ते हे असावे.

या सूचनांवर औषधालय चालकांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. आपण नाही दिले तर पलीकडचा देईल, आणि गिऱ्हाईक मात्र कायमचे जाईल. हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानत नाही. दुकानाचे भाडे, कामगारांचा पगार, पावसाळ्यातील मंदी यांचा ताण खरा आहे, आणि ताकदीच्या डब्यांवर सुटणारा नफा इतर औषधांपेक्षा अधिक असतो हेही खरे आहे. त्यावर आमचे उत्तर इतकेच की, एकट्याने नकार दिला तर तोटा एकट्याचा होतो. संघटनेने मिळून नकार दिला तर तोच त्या दुकानाचा लौकिक होतो. ‘येथे मुलांना उगाच औषध देत नाहीत’ ही ख्याती ज्या औषधालयाची होईल, त्याच्याकडे आई-वडील, आजी-आजोबा निर्धास्तपणे येतील. डबी घेऊन गेलेला मुलगा लाजेने पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. धीर घेऊन गेलेला मुलगा आपल्या घरची सर्व चिकित्सा त्याच वैद्याकडे आणतो.

दुसरा आक्षेप वैद्यबंधूंचा असेल : या वयातील मुले बोलत नाहीत, विनाशुल्क तास ठेवला तरी येणार नाहीत. आरंभी येणार नाहीत, हे मान्य. पण मिरकरवाड्याला नौकेवर खलाशी म्हणून चढलेला सतरा वर्षांचा मुलगा, हंगामात आंब्याच्या बागेत राबणारी मुले, लांज्याहून-संगमेश्वराहून शिकावयास येणारी मुले, यांना आपल्याविषयी एक विश्वास आहे की हा वैद्य रागावणार नाही, कागदोपत्री अडकविणार नाही. या विश्वासामुळेच ती आज काउंटरपर्यंत येतात. काउंटरपासून वैद्याच्या खुर्चीपर्यंतचे अंतर चार पावलांचे आहे. ती चार पावले त्यांनी टाकावीत असे वाटत असेल, तर पहिले पाऊल आपण टाकले पाहिजे.

येत्या सर्वसाधारण सभेत या चार सूचनांवर चर्चा व्हावी, त्यांत आवश्यक त्या दुरुस्त्या व्हाव्यात आणि निदान पहिली सूचना ठरावाच्या रूपाने संमत व्हावी, अशी सर्व सभासदांना आमची नम्र विनंती आहे. ठराव संमत होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. सायंकाळी दुकान उघडल्यावर एखादा मुलगा घुटमळताना दिसला, तर हात डबीकडे नेण्याआधी त्याला बसावयास सांगावे.